मावशींची आई कुठं असेल

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी प्रार्थना होती. मिरजेतल्या ख्रिस्ती घरांत ही कशी असते ते ज्यांना माहितीये त्यांना वेगळं सांगायला नको, हॉलमध्ये सतरंजी, म्हाताऱ्या माणसांसाठी कडेनं प्लास्टिकच्या खुर्च्या, पेटी, ढोलकी, दारात ओल्या छत्र्यांचा ढीग आणि उपदेश संपायच्या आधीच आतून येणारा आल्याच्या चहाचा वास. आमचे पाळकसाहेब बाहेरगावी होते म्हणून पाहुणे वक्ते आले होते, तरुण, आवाज चांगला, मनापासून बोलणारे. त्यांनी बायबलमधला लूकचा सोळावा अध्याय घेतला, मेल्यावर ज्वालेत पडलेला श्रीमंत माणूस आणि त्याच्या दारातला गरीब लाजर. ज्वाला, तहान, मधली ती मोठी दरी, सगळं त्यांनी डोळ्यासमोर उभं केलं आणि शेवटी म्हणाले, ज्यांनी प्रभूला स्वीकारलं नाही ते कितीही चांगले असोत, तुमचे आजोबा असोत, पणजी असो, ते आत्ता या क्षणी तिथं आहेत आणि तिथून परत येणं नाही, म्हणून आजच निर्णय घ्या. चार-पाच जणांनी आमेन म्हटलं. मग शेवटचं गीत, आशीर्वाद, आणि लोक चहाकडं वळले.

मावशी स्वयंपाकघरात माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. या माझ्या मावससासूबाई, ऐंशीच्या पुढच्या, सगळं आयुष्य मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेलेलं, अजून कपबशी धुतली तरी हात कोपरापर्यंत धुणाऱ्या. त्यांनी माझ्या हातातली गाळणी घेतली, चोथा सिंकच्या कडेवर आपटला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मग आमची आई कुठं असंल गं?"

तेवढ्यात कुणीतरी बिनसाखरेचा चहा मागायला आलं आणि ते तिथंच राहिलं. पण ते वाक्य मला नंतर कित्येक दिवस सोडेना, कारण हा प्रश्न मावशींना त्या दिवशी पडलेला नव्हता हे मला कळत होतं, तो त्यांनी आयुष्यभर सांभाळलेला होता.

मावशींची आई जत भागातल्या एका कोरडवाहू गावातली. बाप्तिस्मा मावशींच्या वडिलांनी घेतला, चुलत्यानं घेतला, आईनं नाही घेतला. ती माळकरी होती, आषाढीला पंढरपूरला चालत जायची आणि नवऱ्यानं त्यावरून कधी भांडण काढलं नाही. मावशींना सांगलीला बोर्डिंगात घालायचं ठरलं तेव्हा घरातल्या बाकी सगळ्यांनी कुरकुर केली, पोरीला कशाला, पण आईच उठली, जोंधळ्याच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली आणि पोरीला घेऊन एसटीच्या फाट्यापर्यंत चालत आली. तिथं म्हणाली, "तुला शिकवतोय म्हंजे त्यो देव बी चांगलाच की." मावशी हे वाक्य सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो, बोर्डिंगातलं, नर्सिंगमधलं, प्रार्थनेतलं शुद्ध मराठी सगळं गळून पडतं आणि खालून ते जुनं गाव वर येतं.

पुढं खूप वर्षांनी आईला पोटाच्या ऑपरेशनसाठी मिरजेला आणलं. ऑपरेशनआधी पेशंटच्या अंगावरचं सगळं उतरवून, रुमालात बांधून नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं असतं, आणि ते काम नर्सचं, म्हणजे मावशींचंच. त्यांनी डोरलं काढलं, जोडवी काढली. तुळशीच्या माळेला हात लावला तर आईनं मनगट धरलं. बोलली काही नाही, फक्त धरून ठेवलं. मावशी सांगतात की बारीक मण्यांची माळ होती, घामानं काळी पडलेली, एके ठिकाणी तुटली होती तिथं पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारलेली. सर्जन आले, त्यांनी बघितलं, म्हणाले राहू दे सिस्टर, चिकटपट्टीनं खांद्यापाशी लावून टाका. तशी ती माळ खांद्यावर चिकटवून आईला आत नेलं. त्यानंतर ती थोडेच दिवस जगली. मावशी रोज ड्यूटी संपल्यावर कॉटपाशी उभ्या राहून येशूच्या नावानं प्रार्थना करायच्या, आणि प्रार्थना संपली की आमेनच्या जागी आई म्हणायची, "व्हय बाबा."

आता ही बाई कुठं आहे?

बाहेरच्या माणसाला वाटतं स्वर्ग-नरकाचा वाद म्हणजे पुस्तकातला वाद. आमच्याकडं तो घरातला वाद आहे. सातारा असो, सांगली असो, इथल्या कुठल्याही ख्रिस्ती घराची वंशावळ काढा, तीन-चार पायऱ्या वर गेलं की बाप्तिस्मा न घेतलेली माणसं लागतात, आणि बाजूला बघितलं तर निम्मी भावकी अजून तशीच आहे. त्यांच्या घरची पुरणपोळी होळीला आमच्याकडं येते, आमच्या करंज्या नाताळला त्यांच्याकडं जातात. म्हणजे कुणी उपदेशात "हरवलेले" म्हटलं की डोळ्यासमोर अनोळखी गर्दी येत नाही, चुलत आजोबा येतात, त्यांचा तंबाखूचा बटवा येतो.

माझं माहेर साताऱ्याचं. संडेस्कूलमध्ये भिंतीवर एक मोठं चित्र होतं, रुंद वाट आणि अरुंद वाट. अरुंद वाटेवर तुरळक माणसं, रुंद वाटेवर गर्दी, मजा, आणि वरच्या कोपऱ्यात जळणारं शहर. बाहेर साताऱ्याचा पाऊस लागलेला असायचा, अजिंक्यताऱ्यावर ढग उतरलेला, भिंतीला ओल आलेली, आणि त्या ओलीमुळं चित्राचा नेमका जळता कोपराच फुगून सुटत चाललेला. मला त्या रुंद वाटेवरच्या बायकांच्या घागऱ्यांकडं बघत बसायला आवडायचं आणि भीतीही वाटायची, दोन्ही एकदम. त्या भीतीला मी आज नुसतंच वाईट म्हणणार नाही, कारण आपण काय करतो याला वजन आहे हे मला तिनंच शिकवलं. पण मला स्वतःसाठी भीती वाटायची त्यापेक्षा माझ्या मैत्रिणीसाठी जास्त वाटायची, शेजारच्या वाड्यातल्या, जिच्याबरोबर मी रोज शाळेत जायचे आणि जिच्या घरी गणपती बसायचा. तिला मी काहीच सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर तिनं आईला विचारलं असतं आणि मग मला त्यांच्या घरी मोदक मिळाले असते का हेही डोक्यात होतं, लहान मुलांच्या डोक्यात असं सगळं एकत्रच असतं.

मावशींच्या प्रश्नानंतर मी वाचायला लागले, आणि मला सगळ्यात जास्त हलवलं ते एका माणसानं जो अगदी आपल्याकडचाच निघाला. रॉबर्ट ॲलन ह्यूम. जन्म मुंबईतला, 1847 चा, मिशनरी आईबापांचा मुलगा, काम अहमदनगरला. ज्या अमेरिकन मराठी मिशननं 1849 मध्ये साताऱ्यात ठाणं उघडलं, त्याच मिशनचा. 1886 मध्ये हा माणूस रजेवर अमेरिकेत गेला होता आणि तिथं अँडोव्हरच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, एका कार्यक्रमात बोलला. तेव्हा तिथं वाद पेटलेला होता की ज्यांना या आयुष्यात ख्रिस्त कधी कळलाच नाही त्यांना मेल्यानंतर तो कळायची संधी मिळेल का. ह्यूम त्या आशेच्या बाजूनं बोलला. झालं, त्याला पाठवणाऱ्या बोस्टनच्या बोर्डात गदारोळ. असं मानणाऱ्या माणसाला परत हिंदुस्थानात पाठवायचं का, यावर खल सुरू झाला, त्याच वर्षी डी मॉइन शहरातल्या बोर्डाच्या सभेत हा विषय गाजला, आणि ह्यूमचं परत येणं लांबलं. शेवटी त्याला येऊ दिलं आणि मग तो कित्येक वर्षं नगरलाच राबला.

यात मला जे दिसतं ते असं, की बोस्टनला बसलेल्या लोकांसाठी न ऐकलेली माणसं म्हणजे एक संख्या होती. ह्यूमसाठी ती नावं होती. नगरच्या आसपासच्या खेड्यांत तो ज्या घरी बसून बोलला असेल तिथं कुणी ना कुणी, बहुतेक एखाद्या म्हातारीनंच, त्याला विचारलं असणार की साहेब, तुमचं सगळं खरं, पण माझी आई गेली तेव्हा तुम्ही आला नव्हता. हा माझा अंदाज आहे, पण मला तो सोडवत नाही. बोस्टनच्या बोर्डाला हादरवणारा वाद आमच्या मराठी पणज्यांच्या प्रश्नावरून पेटला असेल, तर त्यांची आठवण कुणीतरी काढायला पाहिजे.

आणि साताऱ्याचं म्हणाल तर रेव्हरंड टिळक. ना. वा. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात "देवाचा दरबार" मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगायचे. आता ज्या पुलावरून एक माणूस पार आला, त्याच पुलावर थांबलेल्या बाकीच्यांच्या पायाखाली आग आहे असं त्यांना वाटत असेल का? मला नाही वाटत. मावशींच्या आईची माळ त्याच पुलावरची होती.

हे सगळं नवीन, पाश्चात्य, मवाळ लोकांचं खूळ आहे असं कुणी म्हणतं तेव्हा मला बोलावंसं वाटतं. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ओरिजेन म्हणत होता की शेवटी देव सगळी सृष्टी परत स्वतःकडं आणेल. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी हेच जास्त स्पष्ट म्हणतो, आणि त्यानं ते आपल्या मरणाला टेकलेल्या बहिणीच्या, मॅक्रिनाच्या तोंडी घातलंय, सोनं आगीत घालतात ते सोनं नष्ट करायला नाही, त्यातला हीणकस भाग जाळायला. 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत ओरिजेनचं नाव धिक्कारलं गेलं, पण ग्रेगरी आजही संतच आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. ऑगस्टीन तर उलट्या बाजूचा, अनंत शिक्षेचा सगळ्यात मोठा वकील, पण त्यालाही लिहावं लागलं की कितीतरी ख्रिस्ती लोकांना ही न संपणारी शिक्षा मनाला पटत नाही. म्हणजे तेव्हाही स्वयंपाकघरात कुणीतरी विचारतच होतं. मग विसाव्या शतकात बाल्थासार, कॅथलिक धर्मपंडित, सावध माणूस, त्याचं म्हणणं की सगळे तरतीलच असं ठासून सांगता येत नाही पण तशी आशा धरायची मोकळीक आहे आणि ती धरलीच पाहिजे. हार्ट म्हणून ऑर्थोडॉक्स विद्वान आहेत, त्यांनी 2019 मध्ये आशा वगैरे नाही, सरळ सगळे तरतीलच असं पुस्तक लिहिलं. मी बाल्थासारपाशी थांबते. ठाम बोलायला मला भीती वाटते, कारण मत्तय 25 मध्ये सार्वकालिक शिक्षा हे शब्द खुद्द येशूच्या तोंडी आहेत, ते मला पुसता येत नाहीत आणि पुसायचेही नाहीत.

पण तोच अध्याय नीट वाचा ना. न्यायाच्या वेळी डावीकडं उभ्या केलेल्यांना शिक्षा कशाबद्दल आहे? मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं नाही. मी आजारी होतो, तुम्ही आला नाही. लूकच्या सोळाव्यात ज्वालेत कोण आहे? जांभळी वस्त्रं घालून रोज मेजवानी झोडणारा, ज्याच्या दारात लाजर फोडांनी भरलेला पडला होता. आणि तिथं गेल्यावरही त्याची सवय बघा, अब्राहामाला म्हणतो लाजराला पाठव, पाणी आणू दे, लाजराला पाठव, माझ्या भावांकडं जाऊ दे. लाजराशी तो एक शब्द बोलत नाही. आगीतसुद्धा त्याला लाजर म्हणजे गडीच वाटतो. हा दृष्टांत ज्यांच्या ताटात भरपूर आहे त्यांना सांगितलेला आहे, आणि आपण तो काढून पोरीच्या शिक्षणासाठी भाकरी बांधणाऱ्या बाईवर लावतो. याचा मला खरंच राग येतो.

माझा धाकटा दीर उपदेशक आहे, तो म्हणतो वहिनी, सगळेच तरणार असतील तर सुवार्ता सांगायची कशाला. याचं उत्तर सोपं नाही. ज्या बोटींनी मिशनरी इथं आले त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात हीच कळकळ होती की माणसं नाश पावतायत, पळा. घरदार सोडून, कॉलऱ्याला मुलं गमावून ते इथं राहिले. 1894 मध्ये वानलेस डॉक्टरांनी मिरजेत दवाखाना उभा केला, त्या दवाखान्यानं किती पिढ्यांना हात दिला, मावशींच्या हातात नोकरी दिली, आमच्या घरात शिक्षण आणलं. ज्या शिकवणुकीनं मावशींना रात्री झोप लागत नाही त्याच शिकवणुकीचा धागा त्या सगळ्यात आहे. मी तो उपसून बाजूला टाकू शकत नाही. दिराला मी एवढंच म्हणते की आपल्या दवाखान्यात ड्रेसिंग करताना कुणी पेशंटला तुझं पुढं काय होणार म्हणून घाबरवलं नाही, जखम होती म्हणून केलं. सुवार्ताही तशी सांगता येते. तो अजून मान्य करत नाही, पण वाद घालायला येतो, आणि मला ते आवडतं.

अजून एक म्हणतात की देव कुणाला ढकलत नाही, माणूसच आतून कडी लावून बसतो. असेल. पण दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आपण उभं राहून म्हणतो की तो अधोलोकात उतरला. कड्या लावलेल्या जागी तो गेलाय असं आपण स्वतःच्या तोंडानं म्हणतो आणि घरी येऊन जेवतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर आहे की बंदीत असलेल्या आत्म्यांना जाऊन त्यानं घोषणा केली. मग मावशींच्या आईपर्यंत तो पोचला नसेल असं आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं?

इथपर्यंत सगळं मला सोपं जात होतं. मी ह्यूमची गोष्ट मावशींना सांगितली. त्या मांडीवर शेंगा घेऊन सोलत बसल्या होत्या, हात थांबले नाहीत, पण चेहरा मोकळा झाला. "म्हणजे आपल्यातल्याच साहेबानं भांडण काढलं होतं की," म्हणाल्या. मग मी उत्साहात पुढं बोलत गेले, की ही आशा धरायची तर सगळ्यांसाठीच धरायला लागते, आपल्या आवडत्यांपुरती नाही.

तेव्हा त्यांचे हात थांबले.

जळीत वॉर्डचं त्यांनी तोपर्यंत मला कधी सांगितलं नव्हतं. पंपाच्या स्टोव्हचा काळ, आठवड्याला नव्या सुना यायच्या. त्यातली एक, विशीतली असेल. चादर अंगाला लागलेली सहन व्हायची नाही म्हणून कॉटवर अर्धगोल लोखंडी चौकट ठेवायची आणि चादर तिच्यावर. पांढरं मलम, त्याच्या खालून येणारा तो वास, जो अंघोळ केली तरी केसात राहायचा. साहेब जबाब घ्यायला आले तेव्हा नवरा दारात उभा होता, तिचं बाळ कडेवर घेऊन. तिनं बाळाकडं बघितलं आणि सांगितलं, स्टोव्हचा भडका उडाला. आदल्या रात्री तिनं मावशींना खरं सांगितलेलं होतं. मावशींनी वर जाऊन सांगितलं, पण कागदावर जे होतं ते होतं. ती तिसऱ्या दिवशी गेली. तो पुढं कधीतरी बाजारात दिसायचा, नवीन बायको घेऊन, भाजी घेताना. "तुझ्या त्या आशेत त्यो पण येतो का?" मावशींनी विचारलं.

मी म्हटलं, हो मावशी, यावा लागतो. पण असाच नाही. ग्रेगरीनं आग काढून टाकलेली नाही, सोनं आगीतूनच जातं. तिला काय झालं ते सगळं त्याला बघावं लागेल, स्वतःच्या अंगावर घ्यावं लागेल, भडका उडाला म्हणून सुटता येणार नाही. न्याय नसेल तर ती आशा मलाही नको. मी बोलत होते आणि मला वाटत होतं की मी वाचलेलं बोलतेय आणि या बाईनं ती चौकट हातानं उचलून ठेवलेली आहे.

मावशींनी शेंगांची टरफलं सुपात गोळा केली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या आईचं मी प्रभूवर सोडलं. पण त्याचं तसं सोडणार न्हाई. तिथं मला त्यो दारात दिसला तर मी आधी त्या पोरीला शोधणार. तिला विचारणार, बाई, याला आत घ्यायचा का. ती न्हाई म्हणाली तर मी दारात आडवी उभी राहणार, मग प्रभू का म्हणंना."

"आणि ती हो म्हणाली तर?" मी विचारलं.

"तर मग तिचं काय ते तिनं करावं," मावशी म्हणाल्या, "मी काय, नर्स होते तिची."